बार नावाचा आडवा दांडा

रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी तासभर उभे राहिले तर 'बार' हा शब्द निदान तीन अर्थांनी कानावर पडतो. वकील 'बारमध्ये बसतो' म्हणतो तेव्हा तो वकिलांच्या खोलीत बसणार असतो. 'यंदा बारची निवडणूक चुरशीची' म्हणजे वकिलांच्या संघटनेची. आणि फायलीची पिशवी छातीशी धरून पायरीवर बसलेला पक्षकार शेजारच्याला सांगतो, "दावा बार झाला म्हणतात हो." इंग्रजीचा त्याचा संबंध चौथीपुरता असला तरी या वाक्याचा अर्थ त्याला पुरता कळलेला असतो. मुदत उलटली, दार बंद झाले.

त्या पक्षकाराचा अर्थच या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'बार' म्हणजे दार किंवा फाटक आतून बंद करायचा आडवा दांडा. त्याच्या मागे बोलभाषेतल्या लॅटिनचा 'बार्रा' आहे. त्यापलीकडे कोशकारांची वंशावळ जात नाही. नॉर्मन राजवटीत हा दांडा इंग्लंडात उतरला आणि तिथे त्याचे मोठे कुटुंब झाले. रस्त्यावरचा बॅरियर त्याच घरातला, बॅरिस्टर त्याच घरातला. मालाची ये-जा रोखणारा एम्बार्गो स्पॅनिश आजोळी वाढलेला, पण रक्त तेच.

आपल्याकडे हा दांडा नव्हता असे नाही. कोकणातल्या जुन्या घराला तो दोनदा लागे. दाराला अडसर आणि आवाराच्या गडग्याला बेडे: दोन खांबांच्या भोकांतून आडवे सरकवलेले वासे किंवा बांबू, गुरे आत येऊ नयेत म्हणून. संस्कृत अर्गलेपासून आलेला 'आगळ' हा शब्दही दाराच्या दांड्यालाच होता. आज रत्नागिरीत आगळ मागितले तर दुकानदार कोकमाच्या खारट रसाची बाटली काढून देईल. दाराचे आगळ गेले, सोलकढीचे राहिले.

गंमत पुढेच आहे. इंग्रज माणूस ज्या ज्या लांबट, घट्ट वस्तूला बार म्हणतो, तिला मराठीत स्वतंत्र नाव होते आणि ते अजून टिकून आहे. खिडकीला गज असतात. स्लॅबमध्ये सळई जाते. चिरेखाणीत पहार लागते. सोन्याची लगड असते, साबणाची वडी. या पाच वस्तूंपैकी एकीलाही बाजारात सहजी कोणी 'बार' म्हणत नाही. कंपनीच्या छापील पत्रकात म्हणत असतील तर म्हणोत. व्यायामशाळेतला सिंगल बार आणि डबल बार एवढाच सन्माननीय अपवाद, कारण तो कवायतीबरोबर आला. माझे म्हणणे असे की ज्या वस्तूला घरात नाव होते तिथे हा शब्द शिरू शकला नाही. तो शिरला तो सरकारी कागदाच्या मागून. सनद, परवाना, नकाशा, कायद्याचे कलम, नोंदणी क्रमांक यांपैकी काही ना काही हातात घेऊनच बार रत्नागिरीत आला.

सर्वांत आधी आला तो नकाशातून.

सागरी भाषेत बार म्हणजे नदीच्या किंवा खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली आडवी पडलेली वाळू. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज दर्यावर्दी या अर्थाने तो वापरत आहेत. पोर्तुगीज त्यांच्याही आधी 'बार्रा' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द वाळूपुरता न राहता बंदराच्या प्रवेशालाच लागला. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाला ते आग्वादची बार्रा म्हणत. अडवणाऱ्या वस्तूचे नाव प्रवेशालाच पडावे, यात नाविकाचा व्यवहार दिसतो. त्याच्या दृष्टीने बंदराचे दार कुठे, तर जिथे अडकायला होते तिथे.

रत्नागिरी जिल्ह्याची किनारपट्टी ही अशा दारांची ओळ आहे. उत्तरेला सावित्रीच्या तोंडाशी बाणकोट, मग आंजर्ले, वाशिष्ठीवर दाभोळ, शास्त्रीवर जयगड, काजळीच्या तोंडाशी भाट्ये, मुचकुंदीवर पूर्णगड, आणि दक्षिणेला राजापूरची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे जैतापूर. सह्याद्री समुद्रापासून फार लांब नाही, त्यामुळे नद्या आखूड आणि उताराच्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या डोंगराची माती आणि वाळू घेऊन धावतात. खाडीच्या तोंडाशी पाणी पसरते, वेग मोडतो आणि हातातले ओझे तिथेच खाली पडते. समोरून लाटा ती वाळू परत आत ढकलतात. दोघांच्या ओढाताणीत तोंडाशी एक बांध तयार होतो. तो एका जागी राहत नाही. एका पावसाळ्यात दक्षिणेला सरकतो, दुसऱ्यात उत्तरेला, म्हणून गेल्या वर्षीची वाट यंदा चालेलच असे नाही.

या बांधावर सर्वांत वाईट वेळ कोणती, हे राजिवडा या रत्नागिरीतल्या मच्छीमार वस्तीचा कुठलाही तांडेल सांगेल: ओहोटीचे पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून लाट आली की. खोल समुद्रात जी लाट नौकेखालून मुकाट निघून जाते, तीच उथळावर उभी राहते आणि फुटते. भाट्ये खाडीच्या तोंडाशी गाळ साचल्यामुळे राजिवड्याच्या नौकांना भरतीची वाट बघत बाहेर थांबावे लागते, ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. उधाणाच्या भरतीला काम सोपे. भांगाच्या दिवसांत पाणीच पुरेसे चढत नाही. हर्णैच्या नौका वादळात आसऱ्यासाठी आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात तेव्हाही तोच प्रश्न. आसरा खाडीत आहे, आणि धोका खाडीच्या उंबऱ्यावर.

इंग्रज सरकारने १८८० साली छापलेल्या रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्ये बंदरामागून बंदर घेऊन त्याच्या तोंडाशी बार आहे का, आणि ओहोटीला त्यावर पाणी किती, याची नोंद केली आहे. सरकारला ही माहिती हवी होती, कारण आगबोट आत येणार की बाहेर नांगर टाकून प्रवाशांना पडावातून उतरवणार, हे त्यावर ठरे. रत्नागिरीला यातले दुसरेच घडत राहिले. बोट शहरातल्या मांडवी बंदरासमोर उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून हेलकावत किनाऱ्याला लागत. त्या काळच्या वर्णनांत 'बार' हा शब्द वारंवार येतो, पण कोळीवाड्यात तो मुरला नाही. तिथे आजही 'तोंडावर गाळ आलाय' असेच म्हणतात. वाळू त्यांची रोजची होती, तिला नकाशातले नाव लागले नाही.

राजापूरची गोष्ट यात सर्वांत बोलकी. घाटावरचा माल उतरायचा आणि समुद्राचा माल चढायचा ते हे गाव, खाडीच्या पार आत वसलेले. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची वखार इथे होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला इंग्रजांनी तोफांची मदत केली, त्याचा हिशेब शिवाजी महाराजांनी १६६१ साली राजापूरची वखार लुटून आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सोबत्यांना कैद करून चुकता केला. त्या काळी मोठी गलबते ज्या खाडीने वर चढत, ती पुढे गाळाने भरत गेली आणि बंदराची वस्ती समुद्राकडे सरकली. महाराजांनी वखारीला जो धक्का दिला त्यातून इंग्रज सावरले आणि परत आले. गाळापुढे मात्र वखारवाल्यांचे आणि गावकऱ्यांचे दोघांचेही काही चालले नाही.

दुसरा बार कोर्टाचा. तो लंडनहून आला.

तिथे लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन अशा वकिलीच्या चार जुन्या संस्था आहेत. त्यांच्या भोजनगृहात ज्येष्ठ सभासद एका बाजूला बसत आणि मधे एक आडवा कठडा असे. शिकाऊ उमेदवार तयार झाला असे वाटले की त्याला त्या कठड्याशी बोलावून सरावाच्या खटल्यात बोलायला लावत. 'कॉल्ड टु द बार' हा वाक्प्रचार तिथला. पुढे न्यायालयातही न्यायाधीश आणि लोक यांच्यामधला कठडा तोच झाला, आणि कठड्याशी उभे राहण्याचा अधिकार ज्याला मिळाला तो बॅरिस्टर. परीक्षेइतकीच महत्त्वाची अट म्हणजे संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक संख्येने जेवणे. हिंदुस्थानातून गेलेल्या पोरांना हे जेवण गिळणे परीक्षेपेक्षा जड गेले असेल. परत आले की मात्र मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला उभे राहण्याचा मान त्यांना. इथेच शिकलेल्या साध्या वकिलाला वेगळी परीक्षा दिल्याशिवाय तिथे मज्जाव. गावाकडे 'बालिस्टर' हा अपभ्रंश झाला आणि नावामागे 'बॅ.' लागले की लग्नाच्या बाजारात भाव चढू लागला. राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून लोकसभेवर निवडून गेलेल्या नाथ पैंचे नाव या भागात आजही 'बॅरिस्टर' वगळून कोणी घेत नाही.

पण रत्नागिरीशी जोडलेली या कठड्याची खरी कथा दोन माणसांची आहे आणि दोघेही ग्रेज इनचे. विनायक दामोदर सावरकर १९०६ साली तिथे दाखल झाले. १९०९ पर्यंत परीक्षा झाल्या, जेवणे झाली, आणि ऐन वेळी संस्थेच्या ज्येष्ठांनी त्यांच्या राजकारणामुळे त्यांना कठड्याशी बोलवायचे नाकारले. पुढच्या वर्षी अटक, मग अंदमान. १९२४ ते १९३७ या काळात ते रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते: जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही, राजकारण करायचे नाही. ज्याला बार मिळाला नाही त्याच्याभोवती एक जिल्हाभर लांबीचा बार सरकारने आखून दिला. लोकांनी आणि मराठी वृत्तपत्रांनी मात्र त्यांना बॅरिस्टर म्हणणे सोडले नाही.

याच रत्नागिरीत सावरकरांनी भाषाशुद्धीचा धडाका लावला. मेयरला महापौर, डायरेक्टरला दिग्दर्शक. असे कितीतरी शब्द आपण त्यांचे आहेत हे न आठवता वापरतो. बार काही त्यांच्या तडाख्यात सापडला नाही. आज कायद्याच्या पुस्तकात बार कौन्सिलला 'विधिज्ञ परिषद' म्हणतात, पण रत्नागिरीतला एकही वकील बोलताना तसे म्हणत असेल असे वाटत नाही. त्याच मुक्कामात, १९३१ साली, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभे राहिले आणि देवळाच्या दाराला जातीचा जो अडसर होता तो तिथे काढला गेला. तेव्हा कोकणातल्या बहुतेक देवळांत तो होता.

दुसरे भीमराव आंबेडकर. आंबडवे हे त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यात आणि लहानपणीचा काही काळ दापोलीत गेलेला. ग्रेज इनने त्यांना १९२२ साली बॅरिस्टर केले. योगायोग असा की त्याच वर्षी इनर टेंपलने एका जुन्या सभासदाचे नाव पटावरून काढून टाकले: मोहनदास करमचंद गांधी, १८९१ चे बॅरिस्टर, राजद्रोहाबद्दल शिक्षा झालेले. गांधींचे नाव पुन्हा पटावर आले ते १९८८ साली, त्यांना त्याचा काही उपयोग उरला नव्हता तेव्हा. आंबेडकरांनी आपल्या सनदेचा उपयोग कोकणासाठी वेगळ्या जागी केला. रत्नागिरीच्या कुळांच्या मानेवर बसलेली खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने.

खोती गेली, दावे राहिले. कोकणातला माणूस समुद्राला घाबरत नाही आणि कोर्टालाही नाही. शेजाऱ्याने गडगा हातभर आत सरकवला, आपण मुंबईला. मे महिन्यात येतो, बघतो, आंबे खातो, पुढच्या वर्षी बघू म्हणतो. पुढच्या वर्षी म्हणता म्हणता बारा वर्षे होतात. जमिनीचा ताबा परत मागण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार बहुतेक वेळा बारा वर्षांचीच आहे, उसने दिलेले पैसे मागण्याची तीन. ती टळली की न्यायाधीश तुमचे खरे की खोटे यात शिरायच्या आतच दावा थांबतो. यालाच 'बार्ड बाय लिमिटेशन' म्हणतात, आणि पायरीवरच्या पक्षकाराचे 'बार झाला' हे त्याचेच घरगुती रूप. इंग्रजी कर्मणी प्रयोगाची सगळी शेपटी कापून त्याने एका क्रियापदात काम भागवले आहे. भाषाशास्त्रज्ञांनी त्याचे कौतुक करावे. त्याच्या हिश्श्याला सध्या दुसरे काही नाही.

कोर्टाचाच आणखी एक, अधिक फसवा बार १९४८ च्या कूळकायद्यात आहे. त्याच्या कलम ८५ चे शीर्षकच 'बार ऑफ ज्युरिस्डिक्शन'. अमुक माणूस कूळ आहे की नाही, हे दिवाणी न्यायालयाने ठरवायचे नाही, मामलेदाराने ठरवायचे. मग दिवाणी दावा मधेच थांबतो, मुद्दा तहसील कचेरीत जातो, तिथून अपील, त्यावर पुन्हा अपील, आणि उत्तर घेऊन कागद परत दिवाणीत येईपर्यंत दावा घालणाऱ्याचा नातू वकील झालेला असतो. खाडीच्या तोंडाशी निदान भरतीचे वेळापत्रक असते.

तिसरा बार सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याविषयी बोलताना मराठी माणूस आवाज थोडा खाली आणतो. इंग्लंडमधल्या दारूच्या दुकानात गिऱ्हाईक आणि पिंपे यांच्यामध्ये आडवी फळी असे. देणारा आत, घेणारा बाहेर. त्या फळीवरून सोळाव्या शतकाच्या शेवटी पूर्ण दुकानालाच बार म्हणू लागले. रत्नागिरीला दारू इंग्रजांनी शिकवली असे कोणी समजू नये. माड होते, माडी काढणारे भंडारी होते, माडीचे दुकान होते. इंग्रजांनी शिकवला तो परवाना. १८७८ च्या अबकारी कायद्याने झाडावर चढायलाही सरकारची परवानगी आणि कर आला. मराठीत दारूच्या दुकानाला जो 'गुत्ता' शब्द आहे त्याचा मूळ अर्थही मक्ता, ठेका. मराठवाड्यात कंत्राटदाराला अजून गुत्तेदार म्हणतात. आपल्या भाषेने दुकानाला नाव दिले ते दारूवरून नव्हे, सरकारी मक्त्यावरून.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये मोरारजी देसाईंच्या आग्रहाने सर्व प्रांतात दारूबंदी झाली. प्रकृतीच्या कारणास्तव दारू लागते असा परवाना ज्याच्याकडे, त्यालाच ती मिळे. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण महाराष्ट्राने कायदा रद्द केला नाही, फक्त त्याला भोके पाडली. म्हणून आजही दारू विकण्याची परवानगी दारूबंदीच्याच कायद्याखाली मिळते, आणि पिणाऱ्याकडेही परवाना असायला हवा, आजीवन नाहीतर एक दिवसाचा. 'बिअर बार अँड परमिट रूम' ही पाटी त्या कायद्याची मुलगी. यातला 'परमिट' कागदावरचा आहे हे टेबलावर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. मुंबईकडचा डान्सबार, २००५ ची बंदी आणि त्यावरचे खटले ही वेगळी कथा. तिचे आवाज इथपर्यंत वर्तमानपत्रातूनच पोहोचले.

रत्नागिरीला झळ लागली ती डिसेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. महामार्गाच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको; लहान गावांसाठी ही मर्यादा पुढे २२० मीटर झाली. कशेडी घाटापासून खारेपाटणपर्यंत मुंबई–गोवा महामार्ग या जिल्ह्याच्या कण्यातून जातो, आणि हातखंब्याच्या तिठ्यावरून दुसरा महामार्ग रत्नागिरी शहरात शिरतो. एप्रिल २०१७ पासून त्या पट्ट्यात बारच बार झाले, म्हणजे कोर्टाच्या अर्थाने. उत्पादन शुल्क खात्याने अंतरे मोजली. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या एका बारमालकाने तर दारासमोर वळणावळणाची लांबलचक वाट बांधून पायी अंतर नियमात बसवले: आडवे दांडे घालून बार उघडा ठेवला. काही महिन्यांत न्यायालयाने नगरपालिकांच्या हद्दीपुरता खुलासा केला आणि बऱ्याच पाट्या पुन्हा उजळल्या.

पुढचे दोन बार सोयरिकीचे नाहीत, नुसते नामबंधू आहेत, पण कुळकथेत त्यांना वगळले तर घोटाळा व्हायचा. वाऱ्यापावसाच्या बातम्यांत येणारा मिलिबार हा ग्रीक घरातला. 'बारोस' म्हणजे वजन; त्यावरून बॅरोमीटर, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बियर्कनेस या नॉर्वेच्या हवामानशास्त्रज्ञाने दाबाचे एकक म्हणून बार रूढ केले. समुद्रसपाटीला हवेचा सर्वसाधारण दाब १०१३ मिलिबार. तो एक मिलिबारने उतरला की समुद्राचे पाणी साधारण एक सेंटिमीटर चढते. चक्रीवादळात तो असाच उतरतो: नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, जून २०२० मध्ये निसर्ग. दापोली–मंडणगडातल्या नारळी-पोफळी निसर्गाने झोपवल्या ते अजून ताजे आहे. बंदरात तीन नंबरचा बावटा चढतो त्यामागे हा बार असतो. त्याचा आडव्या दांड्याशी काही संबंध नाही. संस्कृतमधला 'गुरु', म्हणजे जड, हा मात्र त्याचा चुलतभाऊ.

ओझे याच अर्थाचा फारसी 'बार' तिसऱ्या घरातला, तो आपल्या 'भार' शब्दाचा सख्खा. बारदान आणि पेशवाईतली बारबरदारी त्याच्या पोटची. बंदुकीत भरायचा तो बारही त्याच्याशीच जोडला जातो, आणि तिथून मराठीने त्याला मनसोक्त खेळवले. तंबाखूचा बार भरला जातो, लग्नाचा बार उडतो, निवडणुकीतला उमेदवार फुसका बार निघतो. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीनंतर ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात, तो बोरीचा बार. रत्नागिरीच्या आंबाबागेत वानरांना हुसकवायला काढतात तो बार हाच. या एका बारला कुठल्याही कचेरीतून मराठीत यावे लागले नाही, म्हणूनच बहुधा तो इतका मोकळा वागतो.

बाग निघाली म्हणून शेवटचे दोन बार. हापूसचा रस तूप लावलेल्या ताटात पसरून उन्हात वाळवला की आंबापोळी होते, कोणी तिला साठ म्हणते. हीच पोळी कारखान्यात तयार होऊन अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर लागला की तिचे इंग्रजी नाव 'मँगो बार' होते, कारण नियमांत त्या पदार्थाचे नाव फ्रूट बार आहे. वडीला वडी म्हणणारे आपण, पोळीला बार म्हणू लागलो.

पाकिटाच्या मागे बारकोड असतो. त्याची कल्पना नॉर्मन वुडलंड या अमेरिकन माणसाला मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर सुचली. मोर्सचे ठिपके आणि रेघा वाळूत काढून त्याने बोटांनी त्या खाली ओढल्या आणि जाड-बारीक उभ्या पट्ट्या उमटल्या. बर्नार्ड सिल्व्हरबरोबर त्याला १९५२ साली पेटंट मिळाले. दुकानात पहिली वस्तू या पट्ट्यांनी विकली गेली ती २६ जून १९७४ रोजी ओहायोत, च्युइंगमचे पाकीट. आपल्याकडच्या बारकोडची सुरुवात ८९० ने होते आणि गिऱ्हाइकाला वाटते की माल इथला. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला आहे. पेटीतला हापूस रत्नागिरीचा की कर्नाटकातून येऊन रत्नागिरीच्या रद्दीत गुंडाळलेला, हे त्या रेघांना सांगता येत नाही. त्यासाठी २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या आधारे बागायतदार क्यूआर कोडच्या चिकटपट्ट्या वेगळ्या लावू लागले आहेत. वाशीच्या बाजारात पेटी उघडून देठाजवळ नाक नेणारा जुना दलाल त्या चौकोनाकडे ढुंकून बघत नाही, आणि भाव मात्र त्याच्याच नाकाने ठरतो.